जिप्सी किंगला स्पीड्युइनो: कार्ब्युरेटर ते इंजेक्शन, कामाच्या नोंदी

गाडी: मारुती जिप्सी किंग, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. इंजिन जी१३बीए, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ठिकाण कोल्हापूर. एमपीएफआय (कंपनीतूनच दर सिलिंडरला इंजेक्टर असलेल्या) जिप्सीचं इंजिन सोळा व्हॉल्व्हचं आहे, त्याचं इनटेक मॅनिफोल्ड या हेडवर बसत नाही. म्हणून जुनंच मॅनिफोल्ड ठेवून त्यात इंजेक्टर बसवायचे, कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी आणि डेल्कोच्या (डिस्ट्रिब्युटरच्या) जागी कॉइल पॅक, असं ठरलं. ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी चालवणारा संगणक, स्पीड्युइनोचा ०.४ बोर्ड, आर्डुइनो मेगा २५६० वर चालणारा. ट्यूनिंगला लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर.

५ जानेवारी २०२५: आधी इंजिन

थकलेल्या इंजिनवर ईसीयू लावून काही साधत नाही. कॉम्प्रेशन गरम इंजिनला, थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलं: चारही सिलिंडर १२.५ ते १३ किलोच्या आत. टॅपेट सेट केले. सायलेन्सरच्या पहिल्या जॉइंटला गळती होती, तिथलं पॅकिंग बदललं. ही गळती राहिली असती तर लॅम्डा सेन्सरला (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणाऱ्या) बाहेरची हवा लागून मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, दिसलं असतं आणि नकाशात (ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यात) नाहक पेट्रोल वाढवलं गेलं असतं.

कागदपत्रांचं इथेच लिहितो. आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आपल्या बदलाबद्दल आरटीओत आधी विचारून घ्या. फिटनेस जवळ आलं असेल तर नक्कीच.

१२ जानेवारी: इंजेक्टरचा हिशेब

या इंजिनची ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. चार इंजेक्टर, ऐंशी टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरली तर दर इंजेक्टरला मिनिटाला शंभर सीसी पुरतात. पण हा आकडा साध्या पेट्रोलचा आहे. पंपावर आता ई२० मिळतं. त्याचं आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ नव्हे, १३.५ च्या जवळ, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन. शिवाय दर फेरीला एक असे दोन फवारे द्यायचे असल्याने इंजेक्टर उघडण्यात जाणारा वेळही दोनदा मोजावा लागतो. हे सगळं धरून १८० सीसीचे, जास्त रोधाचे इंजेक्टर घेतले. मीटरवर चारही १४ ओहमच्या आसपास. दोन-तीन ओहमचे इंजेक्टर या बोर्डला थेट जोडू नका, ड्रायव्हर जळतो. चारशे सीसीचे 'पुढे उपयोगी पडतील' म्हणून घेणारे खूप आहेत. तसल्या इंजेक्टरला आयडलला इतका आखूड फवारा द्यावा लागतो की तो कधीच स्थिर राहत नाही.

इंजेक्टर जुने होते, म्हणून ३ बारवर साठ सेकंद मोजपात्रात चालवून बघितले: १८१, १७९, १८२ आणि चौथा १६४. अल्ट्रासॉनिक सफाई आणि नवीन जाळ्यांनंतर चौथा १७८ वर आला. हे मोजल्याशिवाय इंजेक्टर चढवले असते तर एक सिलिंडर कायम पातळ चालला असता आणि एकाच लॅम्डा सेन्सरला ते कधी कळलं नसतं.

खर्च: इंजेक्टर आणि रेल जुन्या बाजारात ३,४००, सफाई ८००.

२५ जानेवारी: मॅनिफोल्ड

शिवाजी उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमचे चार बॉस (इंजेक्टर बसायच्या बैठका) काढले. भोकाचं माप पुस्तकातून न घेता हातातल्या इंजेक्टरच्या ओ-रिंगवरून घेतलं. इंजेक्टरचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडला पाहिजे, म्हणून कोन ठरवताना हेडच्या पोर्टमधून सरळ रॉड घालून रेषा बघितली.

आर्गॉन वेल्डिंग करताना मॅनिफोल्ड २० मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटला बोल्ट मारून आवळलं होतं. तरी सुटल्यावर फ्लँज मधोमध ०.३ मिमी वाकलेलं निघालं. पॅकिंग एवढं भरून काढत नाही. सरफेस ग्राइंडिंग करून ०.०५ च्या आत आणलं. नंतर पोर्ट रबरी बुचांनी बंद करून आत थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं: तिसऱ्या बॉसच्या वेल्डमध्ये बारीक छिद्र. पुन्हा आर्गॉन. मॅनिफोल्डच्या पोटातून पाणी जातं, म्हणून ती वाटही वेगळी दाब देऊन तपासली. तिथली गळती सिलिंडरमध्ये पाणी नेते.

थ्रॉटल बॉडी एका छोट्या एमपीएफआय गाडीची, तीन तारांच्या टीपीएससह (थ्रॉटल किती उघडलं ते सांगणारा सेन्सर). खाली १२ मिमीची ॲडॉप्टर प्लेट.

खर्च: लेथ १,६००, आर्गॉन दोन्ही वेळचं मिळून ३,०००, ग्राइंडिंग ५००, थ्रॉटल बॉडी २,५००.

२ फेब्रुवारी: पेट्रोलची लाइन

कार्ब्युरेटरचा मेकॅनिकल पंप जेमतेम पाव बार देतो, इंजेक्शनला ३ बार लागतात. टाकीत आडपडदा नसल्याने बाहेरचा इलेक्ट्रिक पंप थेट टाकीवर लावला तर चढावर, पेट्रोल कमी असताना, तो हवा ओढतो. त्यावर अशी मांडणी केली: मेकॅनिकल पंप एक लिटरचं छोटं पात्र भरतो, पात्राच्या तळातून इलेक्ट्रिक पंप ओढतो, रेग्युलेटरचं परतीचं पेट्रोल पात्रात येतं आणि पात्राच्या डोक्यावरून जादा पेट्रोल जुन्या रिटर्न लाइनने टाकीत जातं. पात्र बॉनेटखाली फायरवॉलला लावलं. (ही जागा पुढे बदलावी लागली, २० एप्रिलची नोंद बघा.)

पाइप इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल सोसणाराच घ्या. कार्ब्युरेटरचा साधा रबरी पाइप ३ बारला फुटतो आणि खाली एक्झॉस्ट असतो. क्लॅम्पही दात नसलेले, पूर्ण गोल आवळणारे. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात, म्हणजे इंजिन थांबलं की पंप बंद. त्याच लाइनमध्ये धडक बसली की पंपाची वीज तोडणारा स्विच घातला.

१५ फेब्रुवारी: क्रँकचं चाक आणि सेन्सर

३६ दातांचं, एक दात गाळलेलं चाक ४ मिमी पत्र्यात लेझरने कापून घेतलं. या गाडीची पुली एकसंध आहे, तिच्यावर मध्य जुळवून बसवलं. डायल लावून बघितलं तर ०.४ मिमी डगमग होती. भोकं थोडी मोठी करून, चाक ठोकून-सरकवून ०.१५ वर आणलं आणि मगच पिना मारल्या. पुलीत रबर असेल तर चाक बाहेरच्या कड्याला लावू नका. रबर सरकलं की टायमिंगही सरकतं.

गाळलेला दात पिस्टन टीडीसीला (सर्वांत वर) असताना सेन्सरसमोर येऊ देऊ नका. सेल मारताना कॉम्प्रेशनजवळ क्रँक मंदावतो आणि लांब खाच आणि मंदावलेला दात यात ईसीयूची गल्लत होते. चाक फिरवून ती जागा टीडीसीच्या बरीच आधी घेतली. खरी टीडीसी पिस्टन स्टॉपने दोन्ही बाजूंनी मोजून काढली. पुलीवरची जुनी खूण दोन अंशांनी चुकीची होती.

सेन्सर दोन तारांचा, चुंबकी. ब्रॅकेट ६ मिमी पत्र्याचं, ब्लॉकलाच बोल्ट केलेलं.

२ मार्च: वायरिंग

ज्यांना घाई आहे त्यांनी बाकी नोंदी वाचल्या नाहीत तरी चालेल, ही वाचा. पुढे जे त्रास झाले त्यातले निम्मे इथून आले.

मुख्य रिलेमागे वेगळे फ्यूज: इंजेक्टर १० अँपिअर, कॉइल १५, पंप १५, ईसीयू ३. तारा: सेन्सरला ०.५ चौरस मिमी, इंजेक्टरला ०.७५, कॉइलला १.५, पंपाला २.५. जोड क्रिंपचे, वर गोंद असलेली हीट श्रिंक. थरथरणाऱ्या इंजिनवर सोल्डरचा जोड त्याच्या काठावर तुटतो.

अर्थिंग: ईसीयूच्या, कॉइलच्या आणि लॅम्डा कंट्रोलरच्या सगळ्या अर्थ तारा इंजिन ब्लॉकच्या एकाच बोल्टवर. सेन्सरच्या अर्थ तारा मात्र थेट ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनला, बॉडीला कुठेही नाही. क्रँक सेन्सरची तार जाळीवाली, जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला जोडलेली.

कॉइल पॅक चार पिनांचं, आत इग्नायटर असलेलं. स्पीड्युइनोचं आउटपुट ५ व्होल्टचा इशारा देतं, साधी कॉइल थेट ओढत नाही. ट्यूनरस्टुडिओत 'स्पार्क आउटपुट ट्रिगर्स' हा पर्याय 'गोइंग लो' ठेवूनच कॉइलला वीज द्या. तो उलटा असला तर इंजिन बंद असताना कॉइल सतत भरलेली राहते आणि थोड्या वेळात हात लावता येणार नाही इतकी तापते. ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) ३ मिलिसेकंद.

डेल्को काढून टाकला तर हेडला भोक राहून ऑइल येतं. तो जागेवर ठेवला, आतला रोटर आणि कॅप काढून वर पत्र्याचं झाकण मारलं.

खर्च: बोर्ड आणि आर्डुइनो ११,०००, तारा-रिले-कनेक्टर ४,२००, कॉइल पॅक २,४००, लॅम्डा कंट्रोलर आणि एलएसयू ४.९ सेन्सर १८,५००. लॅम्डाची रक्कम वाचवू नये.

९ मार्च: सेन्सर कॅलिब्रेशन

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मीटरवर: बर्फाच्या पाण्यात ५.९ किलो-ओहम, ३० अंशाला १.७, उकळत्या पाण्यात ०.२. कोल्हापुरात पाणी १०० ला नाही, ९८ अंशाला उकळतं. तिसरा बिंदू तसाच भरला.

आकडे भरून झाल्यावर गार गाडीत पाणी ३४ अंश आणि हवा ३५ अंश दाखवत होती, खोलीचा थर्मामीटर २८. कारण: बोर्ड तेव्हा फक्त लॅपटॉपच्या यूएसबीवर चालू होता आणि ५ व्होल्टची रेषा ४.६ वर होती. चावी देऊन १२ व्होल्ट आल्यावर दोन्ही सेन्सर २८-२९ वर आले. सेन्सरचं काहीही यूएसबीच्या विजेवर जुळवू नका.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) चावी देऊन इंजिन बंद असताना ९५ किलोपास्कल. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर हाच आकडा यायला हवा.

१६ मार्च: पहिला सेल

इंजेक्टरचे कनेक्टर काढून, फक्त ठिणगी चालू ठेवून सेल मारला. आरपीएम कधी २२०, कधी शून्य. सेन्सर आणि दातातलं अंतर १.५ मिमी होतं. सेलच्या मंद गतीला चुंबकी सेन्सरचा व्होल्टेज त्या अंतरावर पुरत नाही. ०.८ मिमी केलं, आरपीएम स्थिर.

टायमिंग १० अंशावर लॉक करून टायमिंग लाइटने बघितलं आणि ट्रिगर अँगल (गाळलेला दात आणि टीडीसी यांतला कोन) जुळवला. लाइटवर १० येत नाही तोवर इंजेक्टर जोडू नका. मग इंजेक्टर जोडले, रिक्वायर्ड फ्युएल (पूर्ण भरलेल्या सिलिंडरला लागणारा फवारा) १२.८ मिलिसेकंद, डेड टाइम (इंजेक्टर उघडण्यात जाणारा वेळ) १. इंजिन लागलं. आयडलला ठीक, पण ३,२०० च्या वर फटाके आणि कट.

२३ मार्च: ३,२०० चा कट

इथे पूर्ण आठवडा गेला. आधी पेट्रोलचा दाब बघितला: ३ बार, हलत नाही. मग प्लग, मग कॉइल बदलून बघितली. उत्तर लॉगमध्ये पहिल्यापासून होतं: आरपीएम वाढेल तसा 'सिंक लॉस'चा, म्हणजे ईसीयूची दातांची मोजणी चुकल्याचा, आकडा वाढत होता. टायमिंग लॉक ठेवून हळूहळू रेस केल्यावर लाइटखाली खूण १० वरून ६ च्या दिशेने सरकत होती. लॉक केलेलं टायमिंग सरकतं याचा अर्थ नकाशाचा काही संबंध नाही, सिग्नल वाईट आहे.

कारण सेन्सरच्या दोन तारा उलट. सरळ जोडल्यावर दात सेन्सरच्या बरोबर समोरून जाताना सिग्नल शून्यातून तीव्रपणे उतरतो आणि ईसीयू तोच क्षण पकडतो. उलट जोडल्यावर तो दोन दातांमधल्या खाचेचा मध्य पकडतो. साध्या खाचेत ते चालून जातं, पण गाळलेल्या दाताच्या लांब खाचेत मध्य असा नेमका नसतो. तो वेगाबरोबर सरकतो. दोन तारांची अदलाबदल केली, ट्रिगर अँगल पुन्हा जुळवला (अदलाबदलीनंतर तो बदलतोच), आणि खूण १० वर खिळली. ५,५०० पर्यंत सिंक लॉस शून्य.

एवढ्यावर आरपीएममधले अधूनमधून येणारे उंच काटे मात्र गेले नव्हते. बसवलेले प्लग बिना-रेझिस्टरचे होते. एनजीकेच्या नंबरातला 'आर' म्हणजे आत रेझिस्टर. तसे घातले, एचटी (प्लगच्या) तारा कार्बन कोअरच्या घेतल्या, काटे गेले. लॅपटॉप मध्येच डिसकनेक्ट होत होता, तोही त्यासरशी थांबला. चार्जर लावून लॅपटॉप जोडला की अजून कधीतरी तुटतो, म्हणून ट्यूनिंग बॅटरीवरच.

६ एप्रिल: नकाशा भरायला सुरुवात

सगळं लॅम्डामध्ये ठेवलं (१ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली जाड, वर पातळ). टार्गेट: आयडल ०.९७, सपाट रस्त्यावर १.०, पूर्ण थ्रॉटल ०.८७. लॅम्डात लिहिलं की पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे याने टार्गेट बदलत नाही.

टायमिंग मुद्दाम नरम: आयडल १२ अंश, पूर्ण लोडला २,००० आरपीएमवर २०, ४,००० वर २८, हलक्या लोडला ३६. नॉकिंगचा आवाज जिप्सीच्या केबिनमध्ये गोंगाटात हरवतो, म्हणून पूर्ण लोडला आणखी ताणलं नाही.

आपोआप नकाशा सुधारणारी सोय ट्यूनरस्टुडिओच्या विकतच्या आवृत्तीत आहे. ती उपयोगी आहे, पण पाणी ७५ अंशाच्या वर गेल्यावरच आणि थ्रॉटल हलत नसतानाच तिला आकडे घेऊ द्या. नाहीतर गार इंजिनसाठी दिलेलं जादा पेट्रोल ती गरम नकाशातून वजा करत बसते.

एका जागी ती सारखी चुकत होती: २,५०० वर, स्थिर थ्रॉटलला, मिश्रण अचानक ०.८५ पर्यंत जाड. लॉगमध्ये त्याच क्षणी ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (पाय दाबताच मिळणारं जादा पेट्रोल) चालू. टीपीएसचा पॉट घासलेला होता, पाय स्थिर असतानाही सिग्नल एक-दोन टक्के उडत होता. उंबरठा वाढवून काम भागलं असतं, पण मग खऱ्या पिकअपला झटका आला असता. टीपीएस बदलला, ६५० रुपये.

लॅम्डाचा डिस्प्ले ०.९८ आणि ट्यूनरस्टुडिओ १.०० हा फरकही याच दिवशी सापडला. कंट्रोलरची अर्थ तार ब्लॉकच्या बोल्टवर नीट आवळलेली नव्हती, ०.१५ व्होल्टचा फरक पडत होता. बोल्टखालचा रंग खरवडला, दोन्ही आकडे एक झाले.

२० एप्रिल: उन्हाळा

दुपारी ३८ अंश. पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबून पुन्हा सेल मारला की इंजिन लागतं, दोन-तीनदा मिसिंग करून बंद पडतं. रेग्युलेटरवर दाब ३ वरून १.८ वर येऊन थरथरत होता. पंप वाफ ओढत होता.

दोष मांडणीचा. इलेक्ट्रिक पंप तासाला शंभर लिटरच्या वर फिरवतो, इंजिन त्यातलं थोडंच जाळतं. उरलेलं गरम रेलवरून त्याच एक लिटरच्या पात्रात परत येतं, तेच पुन्हा पुन्हा तापतं. पात्र आणि पंप फायरवॉलवरून काढून ग्रिलच्या मागे, समोरून हवा लागेल असे डाव्या कोपऱ्यात घेतले. मेकॅनिकल पंपाखाली बेकेलाइटचा जाड पॅकर घातला. टाकीकडे जाणारी जादा पेट्रोलची वाट बारीक होती, तिथला जुना आकुंचक काढला, म्हणजे गरम पेट्रोल टाकीत जास्त जातं. इनटेक हवेच्या सेन्सरची जागाही हलवली. ॲल्युमिनियमच्या ॲडॉप्टरमध्ये तो प्लेटचं तापमान सांगत होता, हवेचं नाही. आता एअर फिल्टरच्या पाइपात आहे.

नव्याने करणाऱ्यांनी पात्र पहिल्यापासून इंजिनपासून दूर ठेवावं.

४ मे: आंबोली घाट

कोल्हापुरात पूर्ण थ्रॉटल दिला तरी मॅप ९३-९४ च्या वर जात नाही. म्हणजे नकाशातली १०० किलोपास्कलची ओळ इथे कधीच वापरात येत नाही, आणि तिथले आकडे अंदाजाने भरलेले राहतात. आजरा-आंबोली मार्गे सावंतवाडीला उतरल्यावर चावीवर मॅप १०० दाखवत होता. पूर्ण थ्रॉटलला ३,००० वर लॅम्डा ०.९४, टार्गेट ०.८७. धोकादायक पातळ, तेही सर्वांत जास्त लोडला. ती ओळ सात-आठ टक्क्यांनी वाढवली आणि त्याच ओळीचं टायमिंग दोन अंश मागे घेतलं. घाटावर गाडी ट्यून करून कोकणात नेणाऱ्याने ही ओळ बघितल्याशिवाय पाय दाबू नये.

उतारावर इंजिन ब्रेकिंगला पेट्रोल कट: थ्रॉटल बंद, १,७०० च्या वर, पाणी ७० च्या वर. १,३०० ला कट सुटत होता तेव्हा गाडी झटका मारत होती. १,५०० ला सोडल्यावर सुरळीत.

हेडलाइट लावले की आयडल ८५० वरून ७०० ला येऊन हेलकावे खायचा. व्होल्टेज १३.९ वरून १२.८ होत होता आणि इंजेक्टर उशिरा उघडत होते. व्होल्टेज करेक्शनचा तक्ता सपाट होता. १२ व्होल्टला डेड टाइम वाढवला.

१४ जून: पाऊस

पहिल्या जोरदार पावसात मिसिंग. कॉइल पॅक पुढच्या बाजूला होतं, पंख्याचं पाणी थेट कॉइलच्या टोकांवर. ते वर, बॅटरीच्या आडोशाला घेतलं, बुटांत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. ईसीयू आधीपासून डॅशखाली आहे, त्याला काही झालं नाही. आर्डुइनोचा बोर्ड बॉनेटखाली ठेवू नये.

गार स्टार्ट, २२ अंशाला: क्रँकिंगचं (सेल मारतानाचं) पेट्रोल २४० टक्के, प्राइमिंग (चावी देताच पहिला फवारा) ६ मिलिसेकंद, दुसऱ्या झटक्याला लागते. हिवाळ्यातले १० अंशाखालचे आकडे अजून भरलेले नाहीत, ते डिसेंबरमध्ये. पीयूसीत आयडलचा सीओ २.४ वरून ०.३ टक्के. हायवेला लिटरमागे ११ किलोमीटरचे साडेबारा झाले, त्याच टायरवर.

इंजेक्टर बॉसच्या ओ-रिंगा पाच हजार किलोमीटरला काढून बघायच्या आहेत. ई२० मध्ये साधा नायट्राइल फुगतो, म्हणून व्हायटनच्या घातल्या आहेत. चौथ्या इंजेक्टरचा प्रवाह तेव्हाच पुन्हा मोजणार.